तांबडी पट्टी आणि तांबडी शाई

मी स्पॅनिश शिकते आहे असे सांगितले की ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "कशाला?" शेजारच्या काकूंनी तर "तिकडचं स्थळ आलंय की काय?" असे आईला आडून विचारूनही घेतले. मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने सातासमुद्रापलीकडची भाषा का शिकावी, याचे पटण्याजोगे उत्तर मला अजून देता आलेले नाही. सुमारे २० देशांची ती राजभाषा आहे, भाषांतराची कामे मिळतात, वगैरे मी सांगते. पण खरे कारण एवढेच की ती कानाला गोड लागली. असो. मी स्पॅनिश का शिकते हा या लेखाचा विषय नाही. मी ती कशी शिकते आणि मुख्य म्हणजे मी लिहिलेले कोण तपासते, हा आहे.

गेल्या वर्षीपासून मी एका संस्थेच्या प्राथमिक स्पॅनिशच्या वर्गाला जाते. 'जाते' हे आपले सवयीने म्हणायचे, कारण वर्ग ऑनलाइन असतो. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी माजघराचे दार लोटून घ्यायचे, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचा, की झाला वर्ग सुरू. पलीकडे बाई असतात आणि काडेपेटीएवढ्या चौकटींतून आम्ही ३२ जण. उरलेले पाच दिवस आम्ही आणि आमचे स्वाध्याय. गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, ऐका आणि लिहा, चित्र पाहून वाक्य तयार करा, असे शेकडो स्वाध्याय मोबाइलवर येऊन पडलेले असतात. उत्तर बरोबर आले की पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी उमटते, चुकले की तांबडी. महिन्याअखेरीस एक छोटा निबंध असतो. तोही यंत्रच तपासते आणि यंत्रच गुण देते. बाईंनी वाचला तर वाचला.

या हिरव्या-तांबड्या पट्टीविषयी मला काही सांगायचे आहे. आज ना उद्या ती आपल्या महाविद्यालयातही येईल, आणि केवळ परकीय भाषांच्या वर्गात नव्हे तर मराठीच्या वर्गातही येईल, अशी चिन्हे दिसतात. ती आल्यावर तक्रार करण्यापेक्षा आधी बोललेले बरे.

प्रथम तिच्या बाजूने बोलते, कारण तिचे उपकार मी नाकारू शकत नाही. नवी भाषा शिकताना आरंभीचे काम पाढे पाठ करण्यासारखे असते. स्पॅनिशमध्ये क्रियापदाची पुरुष-वचनांप्रमाणे सहा रूपे होतात : आब्लो म्हणजे मी बोलते, आब्लास म्हणजे तू बोलतोस, आब्ला म्हणजे तो बोलतो, आणि पुढे अनेकवचनाची आणखी तीन. ही झाली एकट्या वर्तमानकाळाची. ती जिभेवर नसतील तर तोंड उघडता येत नाही. ३२ जणांकडून असे पाढे म्हणवून घेणे कोणत्याही बाईंना तासाभरात शक्य नाही. यंत्र ते करते, न कंटाळता करते, आणि चूक झाली की तत्क्षणी सांगते. वही आठवड्याने परत मिळते तेव्हा आपण ते वाक्य तसे का लिहिले होते हेच आठवत नाही.

यामागे शास्त्रही आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपल्या विसरण्याचा वेग मोजला आणि तो अभ्यास १८८५ साली प्रसिद्ध केला. पाठ केलेले आरंभी भराभर आणि नंतर सावकाश विसरते, आणि मध्ये दिवस सोडून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे त्याने दाखवले. १९७२ साली सेबास्टियन लाइटनर या पत्रकाराने एका पुस्तकात त्यावर घरगुती युक्ती सुचवली. शब्दांच्या चिठ्ठ्या करायच्या आणि त्या खण पाडलेल्या पेटीत ठेवायच्या. आलेला शब्द पुढच्या खणात जातो आणि उशिरा भेटतो. न आलेला पहिल्या खणात परत येतो आणि उद्याच दारात उभा राहतो. माझ्या मोबाइलवरचे शब्दांचे स्वाध्याय याच पेटीच्या तत्त्वावर चालतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्या आपणा सर्वांना ही पेटी कोणी शाळेतच दिली असती तर किती बरे झाले असते!

दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. यंत्रापुढे लाज वाटत नाही. स्पॅनिशमध्ये 'पेरो' म्हणजे पण आणि 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. त्या जोरकस 'र्र'मध्ये सारा फरक. वर्गात ३१ जणांसमोर हा 'र्र' काढताना माझा घसा कोरडा पडे. घरी मात्र मोबाइल पुढ्यात घेऊन मी तो एका रात्रीत चाळीस वेळा म्हटला. शेवटी बाबाच वैतागून म्हणाले, "आता त्या कुत्र्याला झोपू दे." बुजऱ्या विद्यार्थ्याला एकांतात चुकण्याची सोय मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

आता दोष. पहिला दोष यंत्राचा नसून ते रचणाऱ्यांचा आहे. मला मिळालेले सारे स्वाध्याय इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी रचलेले होते. म्हणजे मुलगी मराठी, शिकायची स्पॅनिश, आणि वाटेत इंग्रजीचा टोलनाका! 'आवडणे' हे क्रियापदच पाहा. इंग्रजीत आवडण्याचा कर्ता मी असते. स्पॅनिशमध्ये तसे नाही. 'मे गुस्ता एल काफे' म्हणजे शब्दशः 'मला आवडते कॉफी'. वस्तू अनेक असल्या की क्रियापद वस्तूंप्रमाणे बदलते : 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. आवडते आणि आवडतात, गुस्ता आणि गुस्तान. आपल्याला हे आईच्या मांडीवरच आलेले आहे. परंतु माझ्या स्वाध्यायांत हा 'अवघड धडा' होता. त्याच्याआधी सूचनांचे दोन पडदे होते, 'उलटा विचार करा' अशी ताकीद होती, आणि मी प्रामाणिकपणे इंग्रजीतून उलटा विचार करत करत नऊ वेळा तांबडी पट्टी मिळवली. मग वर्गात बाईंनी विचारले, "अगं, घरी आईला काय सांगतेस? 'मी कॉफी आवडते' असं सांगतेस?" सगळ्या चौकटी हसल्या आणि तो धडा तेथेच संपला.

अशा गाठीभेटी पुष्कळ आहेत. स्पॅनिशमध्ये घर पाहिले तर 'वेओ ला कासा'. पण मारियाला पाहिले तर 'वेओ आ मारिया'. कर्म माणूस असले की त्याच्यामागे एक 'आ' उभा राहतो. हा तर आपला 'ला'! मी घर पाहते, पण मी मारियाला पाहते. एकेरीत बोलायचे तर त्यांचा शब्द चक्क 'तू' हाच आहे. आदराने बोलायचे तर 'उस्तेद'. 'वुएस्त्रा मेर्सेद', म्हणजे जवळजवळ 'आपली कृपा', या जुन्या संबोधनाचा झिजून झालेला हा शब्द. म्हणून समोरच्या माणसाशी बोलतानाही त्याचे क्रियापद तृतीय पुरुषी. आपल्याकडे समोर उभ्या असलेल्यालाच "सरकार कोठे निघाले?" असे विचारतात, तेच वळण. उलट मराठी माणूस जेथे खरोखर अडखळतो तेथे स्वाध्याय थांबतही नाहीत. आपली लिंगे तीन, त्यांच्या नामांची दोन. आपले पुस्तक तेथे 'एल लिब्रो' होऊन पुल्लिंगात जाते, आपले टेबल 'ला मेसा' होऊन स्त्रीलिंगात. आणि आपला हात तेथे 'ला मानो', शेवटी ओकार असूनही बाई! आपल्या नपुसकलिंगाची ही वाटणी कशी झाली हे मराठी मुलालाच विचारावेसे वाटणार. इंग्रजी मुलाला तो प्रश्नच नाही, म्हणून त्याचे उत्तरही स्वाध्यायांत नाही.

येथवरचे सारे दुरुस्त होण्याजोगे आहे. कोणी मराठीतून स्वाध्याय रचले की प्रश्न मिटेल, आणि ते आपणच का रचू नयेत, असे माझे म्हणणे आहे. पण दुसरा दोष इतका सोपा नाही. तो लेखनाच्या तपासणीचा आहे.

आरंभीच्या दिवसांतली गोष्ट. 'मी विद्यार्थिनी आहे' हे वाक्य लिहायचे होते. मी लिहिले, 'सोय एस्तुदियान्ते'. तांबडी पट्टी. यंत्राला 'यो सोय एस्तुदियान्ते' हवे होते. 'यो' म्हणजे मी. वास्तविक स्पॅनिश माणूस हा 'यो' एरवी गाळतोच, कारण क्रियापदावरून कर्ता कळतो. आपणही दारातून निघताना "येते हं" म्हणतो. म्हणजे बरी स्पॅनिश लिहिल्याबद्दल माझा गुण कापला गेला. याच्या उलट पुढच्याच आठवड्यात मी लिहिले, 'मी पापा त्राबाखा एन उन बांको', माझे बाबा बँकेत काम करतात. (स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे माझा, हा आणखी एक घोटाळा.) 'पापा'च्या शेवटच्या स्वरावर आघाताची तिरकी रेघ द्यायला मी विसरले. रेघ असली तर तो शब्द बाबा. नसली तर दक्षिण अमेरिकेत त्याचा अर्थ बटाटा. 'माझा बटाटा बँकेत काम करतो' या वाक्यावर यंत्राने हिरवी पट्टी फडकवली. रेघा तपासायचे त्याला कोणी सांगितले नव्हते! बाबांना मी हे अद्याप सांगितलेले नाही.

या गोष्टी हसण्यावारी नेता आल्या. पुढची आली नाही.

'माझे कुटुंब' या विषयावर आठ वाक्ये लिहायची होती. माझी आजी मी बारावीत असताना वारली. माझे कुटुंब लिहायचे आणि आजी लिहायची नाही, हे मला जमेना. आता स्पॅनिशमध्ये 'असणे' या अर्थी दोन क्रियापदे आहेत, सेर आणि एस्तार. स्वाध्यायांनी नियम शिकवला होता : कायमचे असेल तेथे सेर, तात्पुरते असेल तेथे एस्तार. मी उंच आहे, सेर. मी दमले आहे, एस्तार. मृत्यूपेक्षा कायमचे ते काय? मी नियमाबरहुकूम सेर वापरून लिहिले, 'मी आबुएला एस मुएर्ता', माझी आजी मृत आहे. खाली तांबडी पट्टी आली आणि तिच्यावर अक्षरे आली : 'चूक. पुन्हा प्रयत्न करा.'

मला रडू आले असे मी म्हणणार नाही. मी मोबाइल पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. नियम अपुरा होता हे मला पुढे कळले. काही घडल्यामुळे जी स्थिती झाली ती सांगायला एस्तार लागते, मग ती स्थिती कधीही न बदलणारी का असेना. दार उघडे आहे, पेला फुटलेला आहे, माणूस मेलेला आहे, सारे एस्तार. पण त्या दिवशी मला फक्त एवढे दिसले की मी आजी गेल्याचे सांगितले आणि समोरून 'पुन्हा प्रयत्न करा' असे उत्तर आले.

त्यानंतर मी जे केले ते सांगायला संकोच वाटतो; पण ते न सांगता या विषयावर मत देणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुढच्या निबंधाचा विषय 'एक सण' होता. मी दिवाळीवर दीड पान मराठीत लिहिले, भाषांतराच्या यंत्रात घातले आणि निघाले ते जसेच्या तसे पाठवून दिले. दहापैकी दहा गुण! हिरवी पट्टी, शिवाय टाळ्यांचा आवाज. एका यंत्राने लिहिले, दुसऱ्या यंत्राने तपासले. मधल्या मध्ये मी पोस्टमनचे काम केले. आमच्या वर्गात असे करणारी मी एकटी नव्हते, हे सांगून माझा दोष कमी होत नाही.

तो निबंध मात्र बाईंनी वाचला होता. वर्ग संपल्यावर त्या म्हणाल्या, "तू थांब जरा." मग त्यांनी विचारले, "भाऊबीजेला बाबांना ओवाळलं ती ही 'तिआ' म्हणजे आत्याच ना? की कोणी मानलेली बहीण?" मूळ मराठीत मी आत्या असेच लिहिले होते. स्पॅनिशमध्ये आत्या, मावशी, काकू, मामी, सगळ्या 'तिआ'. यंत्राने माझ्या आत्याला त्या घोळक्यात सोडून दिले होते, आणि ती हरवल्याचे मला कळलेही नव्हते. "आत्या," मी म्हटले. "मग 'ला एर्माना दे मी पाद्रे' लिही, बाबांची बहीण. तेवढं तुला येतं." नंतर त्यांनी एका क्रियापदावर बोट ठेवले. "हे 'फुएरा' कसलं रूप गं?" मला ठाऊक नव्हते. ते रूप आमच्या अभ्यासक्रमात त्या वर्षी नव्हतेच. मी गप्प बसले. बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाच वाक्यं लिही. वहीत, हातानं. चुकली तरी चालतील, पण तुझी हवीत."

मी आजीवर पाच वाक्ये लिहिली. त्यांत सात चुका होत्या. पानाचे छायाचित्र काढून बाईंना पाठवले. त्यांनी ते कागदावर छापून घेतले, तांबड्या शाईने तपासले आणि त्याचे छायाचित्र मला परत पाठवले. ते पान मी जपून ठेवले आहे. सातांपैकी चारच चुका त्यांनी दुरुस्त केल्या होत्या. उरलेल्या तिहींखाली बारीक रेघ देऊन 'हे पुढे शिकू' असे लिहिले होते. समासात एक प्रश्न होता : 'आजीचं नाव काय? तेही लिही.' आणि त्या वाक्याशी आल्यावर त्यांनी लिहिले होते : 'व्याकरणानं एस्ता मुएर्ता. पण आजीबद्दल असं म्हणू नये. फायेसियो म्हणावं.'

'फायेसियो' म्हणजे निवर्तली, वारली. माझे सारे म्हणणे या एका शब्दात आहे. मी यंत्राचे ऐकून पुन्हा प्रयत्न केला असता आणि 'एस्ता मुएर्ता' लिहिले असते, तर हिरवी पट्टी मिळाली असती. उत्तर बरोबर असते. पण मराठीत 'माझी आजी मृत आहे' असे कोण म्हणते? तेही व्याकरणाने शुद्धच आहे. आपल्या माणसाविषयी तसे बोलत नाहीत, हे ज्याने कोणाला तरी गमावले आहे तो माणूस शिकवतो. भाषा शिकणे म्हणजे हेच, असे मला वाटते. आणि लेखन तपासणे म्हणजे आधी ते वाचणे.

लेखन तपासणारे यंत्र ही काही कालपरवाची कल्पना नव्हे. एलिस पेज हा अमेरिकन संशोधक पूर्वी शाळेत इंग्रजीचा शिक्षक होता. निबंधांच्या ढिगाऱ्याखाली शिक्षक दबून जातात आणि म्हणून मुलांना पुरेसे लिहायला देत नाहीत, हे त्याने अनुभवले होते. संगणकाने निबंध तपासावेत अशी सूचना त्याने १९६६ साली मांडली. त्याचे यंत्र निबंधाचा अर्थ वाचत नसे. निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविरामांची संख्या अशा मोजता येणाऱ्या गोष्टी मोजून तो परीक्षकांच्या गुणांशी त्यांचा मेळ घाली, आणि मेळ बऱ्यापैकी जमेही. हेतू भलाच होता. आजची यंत्रे त्याहून कितीतरी हुशार आहेत. ती चुकीचे कारण समजावून सांगतात, आणि कोणी तसे शिकवले तर 'आजीचे नाव काय?' असेही विचारतील. हे मी कबूल करते. परंतु तीन आठवड्यांनी भूतकाळाचा धडा आला तेव्हा बाई भर वर्गात माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "तुझ्या आजीचं वाक्य घेऊ या," आणि त्यांनी माझ्या आजीचे नाव घेतले. ३२ जणांनी त्या नावाचे वाक्य म्हटले. माझे लिहिणे कोणाच्या तरी लक्षात राहिले होते. त्या दिवसापासून मी भाषांतराच्या यंत्राकडे निबंध नेला नाही. नियमाच्या भीतीने नव्हे; बाई वाचणार आहेत म्हणून.

आणखी एक व्यवहाराची बाब. आजवर निर्दोष लेखन हा अभ्यासाचा पुरावा मानला जाई. आता निर्दोष लेखन कोणालाही क्षणात आणि फुकट मिळते. उलट प्रामाणिक नवशिक्याच्या लेखनात चुका असणारच. अशा वेळी चुका मोजून गुण दिले तर जो स्वतः लिहितो त्याला शिक्षा आणि जो उसने आणतो त्याला बक्षीस, असा उफराटा न्याय होतो. तो माझ्याच बाबतीत झाला, आणि दोन्ही बाजूंनी झाला.

मग करावे काय? केवळ टीका करून थांबणे बरे नव्हे, म्हणून माझ्या अल्प अनुभवावरून काही सुचवते. पाठांतराचे, ऐकण्याचे, रूपांचे सारे काम खुशाल यंत्राला द्यावे. त्याला गुण मात्र केल्याचे द्यावेत, चुकल्याचे कापू नयेत. लेखन थोडे द्यावे, आणि ते कोणाला तरी उद्देशून द्यावे. युरोपीय परिषदेने २००१ साली भाषाशिक्षणाचा जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यात सहा पायऱ्या आहेत. त्यांतल्या पहिल्या पायरीवर लेखनाची अपेक्षा एवढीच : सुटीतून शुभेच्छांचे एक छोटे पोस्टकार्ड लिहिता यावे, आणि हॉटेलच्या नोंदणीपत्रकात नाव, राष्ट्रीयत्व, पत्ता भरता यावा. नवशिक्याला 'एक सण' या विषयावर निबंध मागितला की तो उसनवारीला जाणारच. पोस्टकार्ड त्याला स्वतःला लिहिता येते. पहिला खर्डा हाताने, वर्गात किंवा वहीत व्हावा. त्यानंतर हवे ते यंत्र वापरून तो सुधारावा आणि दोन्ही खर्डे जोडून द्यावेत. म्हणजे विद्यार्थ्याने काय बदलले आणि का, हे दिसेल. गुण देताना आधी 'सांगायचे ते कळले का' हे पाहावे आणि मग चुका पाहाव्यात, त्याही शिकवलेल्या भागापुरत्याच. शेवटी लिहिलेल्याविषयी प्रत्येकाला तीन मिनिटे तोंडी विचारावे. "ही तिआ कोण?" एवढा एक प्रश्न पुरतो, हे मी अनुभवाने सांगते.

प्राध्यापकवर्ग म्हणेल, वेळ कोठे आहे? हा आक्षेप खरा आहे आणि तो आळसातून येत नाही, हे आम्ही विद्यार्थी जाणतो. पण हिशेब करून पाहा. ३२ जणांनी चाळीस-चाळीस शब्दांची पोस्टकार्डे लिहिली तर वाचायचे शब्द होतात १२८०, म्हणजे या लेखाच्या साधारण निम्मे. महिन्यातून एकदा एवढे वाचणे जड जाऊ नये, विशेषतः स्वाध्यायांचे ओझे यंत्राने उचलल्यावर. यंत्र वापरून वाचलेला वेळ वाचनाला मिळाला, तर एलिस पेजचा हेतूही सफल होईल.

दुसरा आक्षेप निःपक्षपातीपणाचा. यंत्र चेहरा पाहत नाही, आडनाव पाहत नाही, असे म्हणतात. यात तथ्य आहे, आणि ज्यांनी अन्याय सोसला आहे त्यांना ते मी हसून सांगणार नाही. मात्र यंत्रालाही आपले पक्षपात असतात. ते 'यो' लिहिणाऱ्याच्या बाजूचे असते, इंग्रजीतून विचार करणाऱ्याच्या बाजूचे असते, आणि ज्याच्या घरी दिवे जात नाहीत त्याच्या बाजूचे असते. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या गावी चाचणीच्या मधोमध दिवे गेले, मोबाइलची रेंजही गेली. यंत्राने उरलेल्या सर्व प्रश्नांना शून्य दिले. त्याचा चेहरा पाहिला असता तर कळले असते, की त्याला उत्तरे येत होती. बाईंना फोन करून सांगितले तेव्हा त्यांनी ती तोंडी विचारली; त्याला दोन सोडून सगळी आली.

आपल्या महाविद्यालयात यंत्र यावे, अवश्य यावे. मराठीतून स्पॅनिशचे चार स्वाध्याय रचायला कोणी पुढे येणार असेल तर मी सुटीत त्यांच्याबरोबर बसायला तयार आहे. 'आवडते-आवडतात'चा धडा मी आधीच लिहून ठेवला आहे. प्राध्यापकांना मात्र हात जोडून एकच विनंती. आमच्या वह्या वाचायचे सोडू नका. गुण कमी द्या, शाई तांबडी वापरा, अक्षराला नावे ठेवा, पण वाचा.

परवा बाईंनी पोस्टकार्डाचा स्वाध्याय दिला. मी ते शेजारच्या काकूंना उद्देशून लिहिले. त्यांना स्पॅनिश येत नाही, म्हणून वाचून दाखवले आणि अर्थ सांगितला. त्या म्हणाल्या, "तुझी आजी असती तर तिला फार आवडलं असतं." घरी येऊन मी ते वाक्य स्पॅनिशमध्ये करून पाहिले. त्यात 'गुस्तार' येते ते मला सहज जमले. पण 'असती तर' कसे म्हणावे ते येईना. मग आठवले, दिवाळीच्या निबंधातले ते 'फुएरा' अशाच वाक्यांचे असणार. बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "त्याच घरातलं आहे. अजून वेळ आहे, पण शिकवीन."

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला